डाळीच्या डब्यांतील औषध

घरांत चार माणसें जेवावयास बसलीं, कीं कोणाच्या मधुमेहाची, कोणाच्या रक्तदाबाची गोष्ट निघतेच. कर्करोगाचें नांवही हल्लीं कोणी चोरून घेत नाहीं. एच.आय.व्ही. हा शब्द मात्र आमच्यासारख्यांच्या माजघराचा उंबरा अद्याप ओलांडीत नाहीं. ‘हें दुखणें आपल्यांतलें नव्हे,’ अशी आमची दृढ समजूत! ती किती पोकळ आहे, हें पुण्यांतील संशोधकांनीं १९९७ सालींच दाखवून दिलें. तेथील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, पण वेश्याव्यवसायाशीं संबंध नसलेल्या स्त्रियांपैकीं १३.६ टक्के स्त्रियांस हा संसर्ग आढळला. या स्त्रियांपैकीं बहुतेकींस पतीवांचून दुसरा पुरुष ठाऊक नव्हता.

आपल्या देशांत या संसर्गाचा पहिला शोध लागला तो १९८६ सालीं, मद्रासेस. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. १९९३ सालीं त्यांनीं वडिलांच्या नांवानें एक केंद्र काढलें, आणि पुढें तेथें बाधित वधूवरांचे विवाहही जुळवूं लागल्या! पत्रिका पाहणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनीं याचा अवश्य विचार करावा. छत्तीस गुण जुळविणाऱ्या घरांत दोन्ही पक्षांनीं आपखुषीनें रक्त तपासून घेण्यास कोणती आडकाठी आहे? सक्ती मात्र नको. संमतीवांचून तपासणी करणें २०१७ च्या कायद्यास मान्य नाहीं.

औषधांची कथा अभिमान वाटावा अशी आहे. एके काळीं एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर जाई. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तींच औषधें ३५० डॉलरांत देऊं केलीं, आणि जगांतील गरीब देशांस धीर आला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांतून हीं औषधें मोफत मिळूं लागलीं. २०१७ पासून तर संसर्ग आढळतांच उपचार सुरू करावे, प्रतिकारशक्ति ढासळण्याची वाट पाहूं नये, असें ठरलें. गोळी नेमानें घेऊन रक्तांतील विषाणु तपासणींत दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर पतिपत्नीच्या संबंधांतून संसर्ग होत नाहीं. गरोदर मातेचें मूलही बहुधा निरोगी जन्मतें. इतकें असूनही २०२३ च्या अंदाजाप्रमाणें देशांतील पंचवीस लाखांहून अधिक बाधितांपैकीं सुमारें पंचमांश लोकांस आपणांस संसर्ग आहे हेंच ठाऊक नव्हतें.

ज्यांना ठाऊक आहे, त्यांचें तरी काय? आमच्या परिचयाच्या एका घरची सून पतीच्या अखेरच्या दुखण्यांत तपासली गेली. घरांत सांगितलें गेलें, ‘कावीळ झाली होती.’ आतां ती गोळ्यांच्या बाटलीवरील कागद खरवडून ती तुरीच्या डाळीच्या डब्यांत पुरून ठेवते. औषध गांवच्याच रुग्णालयांत मिळतें. ती मात्र दुसऱ्या जिल्ह्यास जाते, पहाटेच्या एस.टी.नें. सासूबाईंस वाटतें, सूनबाईंस कसलासा उपवास आहे, देवदर्शनास जाते! (हें लिहिण्यास तिची अनुमति आहे; गांव मात्र सांगत नाहीं.)

आमच्या मंडळींनीं तिला एकदां विचारलें, “अगं, एवढी दगदग कशाला? इथंच घे कीं औषध.”

“काकू, त्या खिडकीपाशीं आपल्या आळीतलं कुणी भेटलं म्हणजे? नणंदेचं लग्न व्हायचंय अजून.”

पुढील महिन्यांतही ती पहाटेच्याच गाडीनें गेली.