उघडी माती

श्रावणात परसदार बघता बघता हातचं जातं. दोन सरींच्या मधे ऊन पडलं की कुबट-गोड वाफ उठते, जास्वंदीच्या बुडाशी गोगलगायी सरकू लागतात आणि काल मोकळ्या दिसलेल्या वाफ्यावर पोपटी लव चढलेली असते. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या घरांमागे हे दरवर्षीचंच. मग उघडीप बघून खुरपं निघतं, वाफा काळ्याभोर मातीपर्यंत साफ होतो, घरादाराला समाधान वाटतं. आणि पंधरवड्यात पुन्हा येरे माझ्या मागल्या. दोष दिला जातो तणाच्या चिवटपणाला. तो निम्माच खरा. उरलेला दोष त्या साफ केलेल्या वाफ्याचा आहे.

मातीच्या पोटात बियांचा किती जुना साठा असतो, याची आपल्याला कल्पना नसते. अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून बाटल्यांतून पुरल्या. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या काही बिया तरीही रुजल्या. अनेक तणांच्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो, आणि आपण खोल खुरपून माती उलटतो तेव्हा नेमका तोच त्यांना मिळतो. लव्हाळ्याचं प्रकरण तर याहून बेरकी. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीने जोडलेल्या असतात. साखळी अखंड असेपर्यंत त्यातल्या बऱ्याच झोपून राहतात, उपटताना ती तुटली की त्यांना जाग येते. एक उपटावं तर चार उगवतात, ही तक्रार म्हणून अगदी रास्त आहे.  पण हाच लव्हाळा दाट अळवाखाली खुरटलेला दिसेल. सावली त्याला सोसत नाही. म्हणजे त्याला आवरायचं साधन परसात आधीपासूनच आहे: माती झाकलेली ठेवणं. आंब्या-फणसाचा जो पाचोळा आपण हिवाळ्यात जाळून धूर करतो, तोच खोडापासून वीतभर सोडून चार बोटं जाड पसरला, तर खुरपणीचं काम निम्म्याहून कमी होतं. उरतं ते वेळेवर करायचं, वरवर, फूल धरण्याआधी.

यावर घरातली वडीलधारी माणसं म्हणतील, की पाचोळ्यात विंचूकाटा होतो, घोणस येऊन बसते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंतची वाट आणि मुलं खेळतात ती जागा झाडून लखलखीतच हवी, आच्छादन वाफ्यापुरतं. दुसरा पक्ष फवारणीचा. ग्लायफोसेट हे तणनाशक लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत पोचतं, हे खरं. पण दहा पावलांच्या परसात वाऱ्यावर उडालेला तुषार मिरचीला ओळखत नाही, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला, तो काही उगाच नाही.

तिसरा पक्ष अलीकडे फार गोड बोलतो: तण असं काही नसतंच, सगळं उगवू द्या. टाकळा, घोळ, केना यांची भाजी होते, आघाडा पत्रीला लागतो, हे कोण नाकारील? पण १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलेल्या गाजरगवताने पुढे देशभर काय केलं, ते बघून हा उदारपणा आवरता घ्यावा. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि अंगाला लागलं तर खाज सुटते. ते फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट काढावं. हरळीचा निवाडा मात्र अवघड. आषाढात शिव्या देत उपटायची आणि भाद्रपदात तिच्याच जुड्या पैसे मोजून आणायच्या, हा आपला व्यवहार आहे. दूर्वांसाठी ती घरची हवीच असेल, तर फुटक्या घमेल्यात लावावी आणि घमेलं फरशीवर ठेवावं. वाफ्याच्या कडेला नको, तिचे धावरे विटांच्या फटीतूनही पलीकडे जातात.