आजीची सूज

श्रीरामपूर तालुक्यातील आमच्या गावी माझी आजी वर्षातून चार-सहा वेळा पदराने तोंड झाकून घरात बसत असे. कधी ओठ सुजलेला, कधी डोळा मिटून गेलेला, कधी हाताचा पंजा भाकरीसारखा फुगलेला. खाज नाही, अंगावर गांधी नाहीत, ताप नाही, नुसती सूज. कुणी हळदीचा लेप द्यायचे, कुणी मीठ-मिरच्या उतरून टाकायचे. आजी स्वतः हरेगावच्या मतमाउलीला नवस बोलायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज उतरायची आणि त्या खेपेला जो उपाय केलेला असे त्याला यश मिळायचे. ही सूज काही न करताही दोन ते पाच दिवसांत ओसरते, हे आम्हांला कळायला पुढे पन्नास वर्षे जावी लागली.

१९७४ साली माझे काका गेले. मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. सकाळी त्यांनी दाढ काढून घेतली होती. संध्याकाळी गाल सुजला, रात्री आवाज बसला आणि पहाटेच्या आधी त्यांचा श्वास कोंडला. गावात कुणी म्हणाले करणी केली, कुणी म्हणाले विषारी किडा चावला. एक म्हातारी म्हणाली, ‘या घराण्यावर पूर्वजांचे पाप आहे.’ माझ्या वडिलांनी हे शेवटचे वाक्य मनाला लावून घेतले. त्यांचेही ओठ अधूनमधून सुजत; पण त्यानंतर त्यांनी त्याविषयी घरात बोलणेच बंद केले. हे मौन आम्हां भावांकडे वारशाने आले.

१९८५ साली मी नाशिकला आलो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात टर्नर म्हणून लागलो. लेथवर दिवसभर चक आवळून घरी आले की कधी कधी रात्री उजवा हात सुजायचा. सोबती म्हणायचे, कूलंटची अ‍ॅलर्जी आहे. मी गोळ्या घ्यायचो. उपयोग व्हायचा नाही. १९९३ साली पोटात असह्य कळा आल्या. डॉक्टरांनी अपेंडिक्स समजून पोट उघडले. अपेंडिक्स निरोगी निघाले. सूज आतड्याच्या आवरणातही येते आणि तिच्या कळा अगदी तशाच असतात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते आणि त्यांच्याही ध्यानात आले नाही.

निदान झाले २०११ साली. एका तरुण डॉक्टरने माझे सुजलेले ओठ पाहून पहिलाच प्रश्न विचारला, ‘घरात आणखी कुणाला असे होते का?’ आयुष्यात प्रथमच मी आजी, वडील आणि काका यांची नावे एका दमात घेतली. त्याने रक्तातील ‘सी-फोर’ नावाच्या प्रथिनाची तपासणी लिहून दिली, मग ‘सी-वन इनहिबिटर’ची. दोन्ही कमी निघाली. आजाराचे नाव आनुवंशिक अँजिओइडिमा. साधारण पन्नास हजारांत एकाला होणारा.

मी शिकलेला माणूस नाही, आय.टी.आय.पर्यंतच माझी मजल. पण यंत्र कसे चालते हे समजून घेण्याची मला सवय आहे, म्हणून त्या डॉक्टरला मी पुनःपुन्हा प्रश्न विचारले. त्याच्याकडून आणि पुढे वाचनातून जे उमगले ते येथे माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या रक्तात तिसाहून अधिक प्रथिनांची एक फौज सतत फिरत असते. तिला पूरक प्रथिने म्हणतात. जंतूंचा नाश करणाऱ्या प्रतिपिंडांच्या कामाला ती पूरक ठरतात म्हणून हे नाव. त्यांच्यावर मूलभूत संशोधन करणारे बेल्जियमचे ज्यूल्स बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही प्रथिने एरवी निद्रिस्त असतात. जंतू दिसला की पहिले प्रथिन जागे होते, ते दुसऱ्याला कापून जागे करते, दुसरे तिसऱ्याला. दर पायरीला संख्या वाढत जाते आणि काही मिनिटांत जंतूच्या कवचाला भोके पडतात. इतके प्रखर हत्यार मोकळे सोडले तर ते आपल्याच पेशींवर उलटेल. म्हणून प्रत्येक पायरीवर एकेक नियामक प्रथिन बसवलेले आहे. पॉवर प्रेसला जसा ब्रेक, तसाच हा बंदोबस्त.

सी-वन इनहिबिटर हा पहिल्या पायरीचा ब्रेक. त्याचा प्रत्येक रेणू एकदाच कामी येतो. ज्याला रोखायचे त्याला मिठी मारून तो स्वतःही संपतो. म्हणून शरीराला तो सतत नवा बनवावा लागतो. तो बनवण्याचा आराखडा, म्हणजे जनुक, अकराव्या गुणसूत्रावर असतो. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. आमच्या घराण्यात त्यांतील एक प्रत बिघडलेली आहे. कुणालाही वाटेल की एक प्रत चांगली असताना निम्मे काम तरी व्हावे. पण उत्पादन निम्मे आणि खर्च मात्र पूर्ण, असा हा जमाखर्च आहे. साठा निम्म्याच्याही खूप खाली जातो. ब्रेक नसलेले सी-वन मग सी-फोरला विनाकारण कापत राहते, म्हणून तपासणीत सी-फोर कमी येते. आणि याच इनहिबिटरकडे आणखी एका साखळीचा ताबा आहे. ती सुटली की ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो, रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि सूज येते. अ‍ॅलर्जीची सूज वेगळ्या द्रव्यामुळे येते. म्हणून तिच्या गोळ्या, इंजेक्शने, स्टेरॉइड आमच्यावर चालत नाहीत. १९६३ साली डोनाल्डसन व इव्हान्स या अमेरिकन संशोधकांनी हा उणा ब्रेक शोधून काढला. म्हणजे काका गेले त्याच्या अकरा वर्षे आधी!

आनुवंशिकतेचे नियम प्रथम मांडणारे ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील मठातील अगस्तिनियन धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १८६५ साली त्यांनी वाटाण्याच्या झाडांवरील आपले प्रयोग तेथील सभेत वाचून दाखवले. त्यांच्या हिशेबाने आमचा दोष ‘प्रभावी’ जातीचा. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी; मुलगा असो वा मुलगी. त्यात पाप नाही, पुण्य नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला जो प्रश्न विचारला, तोच त्या म्हातारीने आमच्या ओट्यावर विचारला होता. उत्तर शुभवर्तमानात होते. ते वडिलांना त्या दिवशी कुणी सांगितले नाही.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

निदान झाल्यावर डॉक्टरने बजावले होते, ‘भावंडांना सांगा, सगळ्यांचे रक्त तपासा.’ माझे थोरले बंधू चिंचवडला असतात. त्यांचे पाय सुजत आणि ते बुटांना दोष देत. मला सारे दिसत होते. तरी मी दोन वर्षे सांगितले नाही. त्यांच्या मुलाचे लग्न ठरत होते. मी अपशकुन कशाला करू, असे मनाशी म्हणत राहिलो. २०१३ च्या पावसाळ्यात एका रात्री वहिनींचा फोन आला. पुतण्याने सकाळी दाढ काढली होती, चेहरा सुजला होता, आवाज जात होता आणि इंजेक्शनांचा काही उपयोग होत नव्हता. क्षणभर मला काकांचा तो ओटा दिसला. मग मी कपाटातील कागद काढला आणि फोनवरून तेथील डॉक्टरांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवला: ही अ‍ॅलर्जी नव्हे, आधी श्वासमार्ग सांभाळा, इनहिबिटरचे औषध नसेल तर गोठवून ठेवलेला प्लाझ्मा द्या. त्यांनी ऐकून घेतले. निरोगी रक्तदात्याच्या प्लाझ्म्यात हा ब्रेक असतोच. उजाडता उजाडता पुतण्याचा आवाज परत आला.

दुसऱ्या दिवशी मी चिंचवडला गेलो आणि बंधूंना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘दोन वर्षे?’ त्या दोन शब्दांचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

त्यानंतर कुटुंबातील अकरा जणांचे रक्त तपासले. पाच जणांत दोष निघाला. त्यांत माझी मुलगीही होती. आता प्रत्येकाच्या खिशात कार्ड असते. रक्तदाबाची काही गोळ्यांची जात आम्हांला वर्ज्य, कारण ती ब्रॅडिकायनिन वाढवते. दात काढण्याआधी डॉक्टरांशी बोलणे सक्तीचे.

२०१९ साली मुलीला स्थळे येऊ लागली. पत्नी म्हणाली, ‘आधी ठरू दे, मग सांगू.’ मी गप्प बसलो. मुलगीच म्हणाली, ‘पप्पा, दादाच्या वेळी गप्प राहून काय झाले?’ पहिल्या स्थळाला आम्ही सांगितले. त्यांचा पुन्हा निरोप आला नाही. दुसरे स्थळ अंबडपासून जवळच, पाथर्डी फाट्याकडचे. मी फाइल उघडून सगळे सांगितले: मुलांना होण्याची शक्यता निम्मी, डॅनाझोलची गोळी गरोदरपणात चालत नाही, इनहिबिटरचे तयार औषध आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे. मुलाची आई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, ‘पण रात्री-अपरात्री घसा सुजला, तर आम्ही नेमके करायचे काय?’

आमच्या घराण्याच्या सुजेविषयी इतक्या पिढ्यांत कुणी विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता. मी तिला तो कागद दिला. आज तो त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या दारावर चिकटवलेला आहे.

विज्ञान पुढे चालले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात पूरक प्रथिनांवर संशोधन केलेले डॉ. अरविंद साहू यांनी त्याआधी अमेरिकेत असताना १९९६ साली सहकाऱ्यांसह या साखळीतील ‘सी-थ्री’ला रोखणारा एक लहान रेणू शोधला होता; त्याच्यापासून घडवलेल्या औषधाला २०२१ साली रक्ताच्या एका दुर्मीळ विकारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ते औषध आमच्या आजाराचे नव्हे. पण हरवलेला ब्रेक माणसाला घडवता येतो, एवढा धीर त्यातून मिळतो.

नात आता तीन वर्षांची आहे. तिचे रक्त तपासायचे आहे; आम्ही लांबणीवर टाकलेले नाही, पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. निकाल कोणताही येवो, तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा, असे आम्ही ठरवले आहे. वाचकहो, तुमच्याही घरात एखादी पदराने तोंड झाकून बसणारी आजी होऊन गेली असेल, तर तिची आठवण मुलांना सांगा.