लगाम नसलेली शर्यत : अलास्काच्या बर्फात कुत्र्यांच्या मागोमाग

मार्च महिन्याचा पहिला शनिवार. अलास्कातल्या अँकरेज शहरात फोर्थ अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ उपसून टाकणारं हे शहर त्या एका दिवसासाठी तोच बर्फ ट्रक भरभरून आणून रस्त्यावर पसरतं, कारण त्या दिवशी इथून कुत्र्यांच्या स्लेज गाड्या निघणार असतात.

तुम्ही तिथे गर्दीत उभे असाल, तर डोळ्यांआधी कानांना कळेल की वेळ झाली. शेकडो कुत्री एकाच वेळी भुंकत असतात, जागच्या जागी उड्या मारत असतात, दोर ताणत असतात. गाडी सुटू नये म्हणून तिला धरून ठेवायला चार-सहा माणसं लागतात. मग इशारा होतो, गाडी सुटते आणि भुंकणं थांबतं. आता ऐकू येते ती फक्त पावलांची टपटप आणि गाडीखालच्या पट्ट्यांची बर्फावरची घसर. जे हवं होतं, ते कुत्र्यांना मिळालेलं असतं.

ही इडिटारॉड शर्यत. शनिवारची फेरी प्रेक्षकांसाठी असते. घड्याळ सुरू होतं ते रविवारी, गाडीने साधारण दीड तासावरच्या विलो गावातून. तिथून सुमारे १६०० किलोमीटरवर, बेरिंग समुद्राच्या काठी असलेल्या नोम या छोट्या शहरात शर्यत संपते. वाटेत अलास्का पर्वतरांग, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी वाऱ्याने झोडपलेला समुद्रकिनारा. अँकरेजहून नोमला जाणारा मोटाररस्ताच नाही. विमान, बोट किंवा मग ही वाट.

हातात फक्त आवाज

स्लेज हाकणाऱ्याला 'मशर' म्हणतात. त्याच्याकडे लक्ष देऊन पाहा. घोड्याला लगाम असतो, बैलाला वेसण असते. मशरच्या हातात यातलं काहीच नसतं. गाडी थांबवायला ब्रेक आहे, पण कुत्र्यांना वळवायला फक्त आवाज. 'जी' म्हटलं की उजवीकडे आणि 'हॉ' म्हटलं की डावीकडे. सगळ्यात पुढचं कुत्रं हे ऐकतं आणि बाकीची त्याच्या मागे वळतात. पुढचा म्होरक्या हुशार आणि धीराचा लागतो, तर गाडीला लागून असलेली मागची जोडी अंगाने मजबूत लागते, कारण वळणावर गाडीचा झोक तीच सांभाळते.

सिनेमात दिसतात तशी निळ्या डोळ्यांची, झुबकेदार केसांची कुत्री इथे फारशी दिसणार नाहीत. धावणारी बहुतेक कुत्री 'अलास्कन हस्की' असतात. ती शुद्ध जातीची नाहीत. वेग, दम आणि चांगली भूक बघून पिढ्यान् पिढ्या तयार झालेला तो संकर आहे. वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो, पण शर्यतीच्या काळात एका कुत्र्याला दिवसाला दहा हजार कॅलरीपर्यंत खाणं लागतं.

चांगला म्होरक्या प्रत्येक आज्ञा पाळतोच असं नाही. पुढचा बर्फ पातळ आहे असं वाटलं, तर तो हुकूम मोडून थांबतो. अशा वेळी त्याचं ऐकायचं, हे मशरला शिकावं लागतं.

घटसर्प आणि २० गाड्या

या वाटेची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट १९२५च्या जानेवारीतली आहे. नोममध्ये लहान मुलांना घटसर्प झाला. डॉ. कर्टिस वेल्श यांच्याकडचं औषध जुनं झालेलं, बंदर बर्फाने बंद, आणि त्या थंडीत विमान उडवणं धोक्याचं. मग औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि तिथून पुढचे सुमारे १०८५ किलोमीटर २० मशर आणि जवळपास दीडशे कुत्र्यांनी ते हातोहात पोचवलं. पारा शून्याखाली ४० अंशांच्याही खाली गेलेला असताना हे काम साडेपाच दिवसांत झालं.

शेवटच्या टप्प्यावर गुन्नर कासेनच्या गाडीला बाल्टो हे कुत्रं होतं, म्हणून बाल्टोचं नाव जगभर गेलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. पण सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा पार केला तो लिओनहार्ड सेपाला आणि त्याच्या टोगोने. टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणजे कुत्र्यांच्या हिशेबात आजोबाच.

पुढे १९६०च्या दशकात बर्फावर चालणारी मोटारगाडी आली आणि गावोगावच्या अंगणांतली कुत्री दिसेनाशी होऊ लागली. जो रेडिंग्टन यांना वाटलं, आता कुत्रीही जाणार आणि ही जुनी वाटही बुजणार. ती टिकावी म्हणून त्यांनी आणि सोबत्यांनी १९७३ मध्ये नोमपर्यंतची पहिली शर्यत घेतली. डिक विल्मार्थ २० दिवसांत पोचला आणि जिंकला. शेवटच्या स्पर्धकाला ३२ दिवस लागले. आज विजेते साधारण नऊ-दहा दिवसांत पोचतात.

थांब्यावर खरी शर्यत

शर्यतीच्या मागे जायचं तर पळणारी कुत्री बघण्यापेक्षा थांबलेली बघा. वाटेत वीसहून अधिक थांबे आहेत. त्यांतली काही छोटी गावं, काही नुसत्या झोपड्या. गाडीवान मुक्कामाला पोचला की आधी बैल सोडून वैरण टाकतो आणि मग स्वतःच्या भाकरीकडे बघतो. इथेही तोच नेम. मशर कितीही गारठलेला, झोपेने पेंगुळलेला असो, आधी कुत्र्यांसाठी गवताचं अंथरूण होतं. मग शेगडीवर बर्फ वितळवून पाणी आणि त्यात मांस, मासे, चरबी. मग एकेका पायाची तपासणी. बर्फाने पंजे फाटू नयेत म्हणून कुत्र्यांना कापडी मोजे घालतात, आणि चौदा-सोळा कुत्र्यांचे मोजे प्रत्येक वेळी बदलायचे म्हणजे साठ पायांचं काम! हे सगळं झालं की उरलेल्या तास-दीड तासात मशर झोपतो.

नियमही हेच सांगतात. एकदा सलग २४ तासांची विश्रांती, युकॉन नदीवर एकदा ८ तासांची आणि नोमच्या अलीकडच्या व्हाइट माउंटनला पुन्हा ८ तासांची सक्तीची. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचं रक्त आणि हृदय तपासतात, आणि वाटेत थांब्यांवर पशुवैद्य असतात. लंगडणारं किंवा दमलेलं कुत्रं थांब्यावर सोडून द्यावं लागतं. स्वयंसेवक वैमानिक छोट्या विमानातून त्याला परत आणतात. त्याच्या जागी दुसरं घेता येत नाही आणि नोमला पोचताना निदान पाच कुत्री जोडलेली असावीच लागतात. म्हणजे जो कुत्र्यांना पिळून काढतो, तो शेवटी पायी उभा राहतो.

स्त्री-पुरुषांची शर्यत वेगळी नाही. १९८५ मध्ये शाकटूलिकला वादळ आलं, बाकीचे थांबले आणि लिबी रिडल्स निघाली. ती रात्र तिने गोठलेल्या समुद्रावर, स्लेजच्या पिशवीत काढली आणि ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्या पाच वर्षांत सुझन बुचरने चार वेळा बाजी मारली. १९७८ची गोष्ट तर याहून गमतीची. १५ दिवसांच्या प्रवासानंतर पहिल्या दोघांत फक्त एका सेकंदाचा फरक होता आणि निकाल लागला तो पुढच्या कुत्र्याच्या नाकावरून!

जे विसरून चालणार नाही

एवढी काळजी घेऊनही कुत्री मरतात. २०२४च्या शर्यतीत तीन कुत्री दगावली. प्राणिमित्र संघटना ही शर्यत बंद करा म्हणतात आणि काही मोठ्या प्रायोजकांनी हातही काढून घेतला आहे. 'कुत्र्यांना धावायला आवडतं' हे खरंच आहे, सुरुवातीच्या रेषेवर ते कोणालाही दिसतं. पण आवडतं म्हणून ती किती धावतील, हे कुत्रं ठरवत नाही. ज्याला थांबता येत नाही, त्याला थांबवण्याची जबाबदारी मागे उभ्या माणसाची. ती पार पडते का, एवढ्याच प्रश्नावर या शर्यतीचं पुढचं आयुष्य उभं आहे.

दुसरा प्रश्न बर्फाचा. २०१६ मध्ये अँकरेजच्या रस्त्यासाठी बर्फ फेअरबँक्सहून रेल्वेने आणावा लागला. २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये नेहमीच्या वाटेवर पुरेसा बर्फ नव्हता, म्हणून शर्यतच उत्तरेला फेअरबँक्सहून सुरू झाली.

तुम्हाला बघायची असेल तर

प्रत्यक्ष जायचं असेल, तर अँकरेजचा शनिवार आणि विलोचा रविवार सगळ्यात सोपे. कपड्यांचे थर भरपूर घाला आणि मशरला विचारल्याशिवाय कुत्र्यांना हात लावू नका, खायला तर देऊच नका. शेवट बघायचा तर विमानाने नोमला जावं लागतं आणि राहायची सोय खूप आधी करावी लागते. घरबसल्याही मागे जाता येतं. प्रत्येक स्लेजवर जीपीएस असतं आणि शर्यतीच्या संकेतस्थळावर गाड्या नकाशावर सरकताना दिसतात. अलास्काचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा ते साडेचौदा तास मागे असतं. म्हणजे तुम्ही सकाळचा चहा घेत असता, तेव्हा तिथे आदली संध्याकाळ असते.

पहिला नंबर लागला की नकाशा बंद करू नका. नोमच्या फ्रंट स्ट्रीटवर लाकडी कमानीपाशी शर्यतीच्या सुरुवातीलाच एक दिवा लावलेला असतो. जुन्या काळी वाटेवरच्या धर्मशाळांत असा दिवा लावत. कोणीतरी अजून बाहेर आहे, हे त्यावरून कळायचं. विजेता आला, बक्षिसं ठरली, तरी तो विझत नाही. शेवटचा मशर रात्री-अपरात्री केव्हाही येवो, गावात भोंगा वाजतो आणि लोक कोट चढवून रस्त्यावर येतात. त्याला लाल कंदिलाचं बक्षीस मिळतं आणि कमानीपाशी जळणारा दिवा तोच विझवतो. त्याची कुत्री मात्र तेव्हा दिव्याकडे बघत नसतात. त्यांचं लक्ष जेवणाच्या भांड्याकडे असतं.