हिरड्याच्या रानात

आज भीमाशंकरचे पठार उतरताना एकच विचार मनात घोळत राहिला, की १९८५ साली सरकारदरबारी ज्या अरण्याची अभयारण्य म्हणून नोंद झाली, त्यातील देवराया महादेव कोळ्यांनी कोणत्याही फर्मानावाचून, केवळ देवाच्या धाकाने आणि मायेने, पिढ्यान्‌पिढ्या राखल्या होत्या. शेकरूचे घरटे अचूक दाखवणारा, हिरडा कधी उतरवावा हे जाणणारा जो ग्रामस्थ, त्यालाच सीमेबाहेरचा इसम ठरवावे, हे मला अत्यंत अन्याय्य वाटते. गावातल्या शाळकरी मुलांना अरण्याची ओळख अवश्य करून द्यावी. परंतु त्या कार्याचा पहिला मान त्यांच्या आजीचा आहे, आणि अरण्याच्या बंदोबस्ताची मसलतही गावाच्या चावडीवरच व्हावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस वनरक्षणाचा अधिकार दिलेलाच आहे.