जिंजीचा चढ, कावेरीचा भात

कुंभकोणमहून उत्तरेला निघालं की अणैक्करैच्या बंधाऱ्यापाशी कावेरीची शाखा कोळ्ळिडम ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे सगळं भाताचं राज्य. खाचरांत उभं पाणी, बांधांवर नारळी, मधूनच केळीच्या बागा. पलीकडे पन्रुट्टीच्या वाटेवर माती तांबडी होते, काजू-फणसाची झाडं दिसू लागतात. विळ्ळुपुरमही मागे पडतं आणि मग सपाट रानातून ग्रॅनाइटचे बोडके डोंगर उठतात, धोंड्यावर धोंडा चढलेले. ही जिंजी.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्या एका तटाने बांधल्या आहेत. राजगिरीची उंची सपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास. सह्याद्रीत पाय घडलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण इथे झाडाची सावली फार थोडी मिळते आणि दुपार व्हायच्या आत कातळ तळपायाला जाणवू लागतो. माथ्याच्या जरा खाली वाट तुटते. मध्ये खोल घळ आणि तिच्यावर पूल. पूर्वी हा पूल काढून घेतला की वर मूठभर माणसं पुरत.

इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात पहिल्या महायुद्धात सैनिकांनी कड्यांना लोखंडी शिड्या आणि दोर ठोकले. आज तिथे हौशी माणसं कमरेचा दोर तारेत अडकवून जुन्या खंदकांच्या शेजारून चढतात. राजगिरीवर तारांची गरज पडत नाही. पण मरणाच्या भीतीने खोदलेल्या वाटेवर आपण आनंदाने घाम गाळतो आहोत, ही जाणीव इथेही पोटात कालवते.

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली आणि लगेच बांधकाम काढलं. त्या वेळी या मुलखात असलेल्या आंद्रे फ्रेइरे या जेझुइट पाद्र्याने नवे तट, बुरूज, खंदक आणि तलाव यांचं पत्रात मनापासून कौतुक केलं आहे. हा खर्च कशासाठी होता, ते बारा वर्षांनी कळलं. १६८९ च्या अखेरीस एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज इथे पोचले आणि मराठ्यांची गादी या धोंड्यांवर आली. १६९० मध्ये मोगल सेनापती झुल्फिकारखानाने वेढा घातला. गड पडला १६९८ च्या सुरुवातीला आणि तोवर महाराज निसटलेले होते.

मधली वर्षं पुलाने आणि कड्याने तारली, असं गड चढताना वाटतं. मला ते अपुरं वाटतं. पायथ्याशी उंच निमुळत्या छपराचा कल्याणमहाल आहे, त्याच्या आसपास कोठारं आहेत. त्या जाड, अंधाऱ्या भिंतींत उभं राहिलं की दुसराच प्रश्न पडतो: इतकी माणसं खात काय होती? खालच्या छावणीलाही तोच प्रश्न होता. १६९२ च्या डिसेंबरात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या मुलखात उतरले, त्यांनी मोगलांची रसद तोडली आणि वेढा घालणाराच उपाशी पडला. झुल्फिकारखानाला मोर्चे सोडून वांदिवाशकडे हटावं लागलं.

गडाच्या पाठीशी तंजावर होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजीराजे तिथे राज्य करत होते आणि चुलतभाऊ राजारामांना त्यांची मदत होती. कुंभकोणमची ही खाचरं त्यांच्याच मुलखातली. १६९४ मध्ये झुल्फिकारखान थेट तंजावरवर गेला आणि शहाजीराजांना खंडणी मान्य करावी लागली. जिंजीचा कडा चढवेना, तेव्हा त्याने सपाटीवर हात घातला. सेनापती म्हणून त्याची ही समज पक्की होती, असंच म्हणावं लागेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकटा जिंजी. आता मराठी भटक्यांच्या गाड्या इथे वाढतील आणि वाढाव्यातच. फक्त राजगिरी उतरल्यावर त्यांनी लगेच परतीची वाट धरू नये. आणखी काही तास दक्षिणेला जावं, कोळ्ळिडम ओलांडावी, कुंभकोणमला पितळी डवऱ्यातली कॉफी घ्यावी आणि गावाबाहेरच्या एखाद्या बांधावर चालून यावं. सर टी. माधवराव याच गावात १८२८ मध्ये मराठी घरात जन्मले, पुढे बडोद्याचे दिवाण झाले. इथल्या काही घरांत अजून मराठी बोलतात, तमिळच्या हेलात. गडावर जे लढले त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. हा भात ज्यांनी लावला, कापला आणि गाड्यांत भरला, त्यांचं शेत तरी बघून यावं.