आमचे सभासदत्व

कुन्नूरला सुटीपुरते घर घेतले आणि आमची गोल्फची जुनी हौस पुन्हा उफाळून आली. क्लब दोन. वेलिंग्टनचा अगदी शेजारी. उटकमंडचा मात्र घाट चढून सुमारे 18 किलोमीटरांवर.

मन प्रथम उटकमंडकडेच धावले. तेथील उंची सुमारे 2,240 मीटर. विरळ हवेत चेंडू नेहमीपेक्षा दूर जातो, आणि आमच्यासारख्या बेताच्या खेळाडूस एवढा मोठेपणाही पुरे! शिवाय कुन्नूरकडच्या पूर्व उतारावर ईशान्य मोसमी पाऊस अधिक कोसळतो. तोही नेमका आमच्या दिवाळीच्या सुटीत.

हे सर्व आम्ही सविस्तर समजावून दिल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, वर्षातून पाच आठवडे येणार आपण. तो घाट तुम्ही स्वतः मोटार हाकीत आणखी किती वर्षे चढणार?"

वर्गणीचे आकडे आम्हांस तोंडपाठ होते. हा आकडा आम्ही मांडलाच नव्हता. गेल्या मे महिन्यापासून उजवा गुडघा कुरकुरत आहे, हे तर घरात कोणाच्याही कानी घातले नव्हते. निदान आमची तशी समजूत होती.

अखेर वेलिंग्टनचा अर्ज भरला. वयाच्या रकान्यापाशी लेखणी किंचित अडखळली. खेळाच्या पिशवीत मोठी छत्री आतापासूनच जाऊन बसली आहे.