आईला मरणाचा विसर पडला होता

शेवटच्या काही वर्षांत आमच्या आईच्या जगातून मरण ही गोष्टच निघून गेली. आधी नावं गेली, मग नाती, मग सकाळ-संध्याकाळ. बाबांना जाऊन बराच काळ लोटला होता, पण ते गेले एवढंही तिच्यापाशी उरलं नव्हतं. ऊन उतरलं की ती उंबऱ्यापाशी येऊन बसायची आणि विचारायची, "भोंगा झाला न्हाई काय रं अजून? तुझं बाबा येतील, भाकरी झाकून ठेव." भोंगा म्हणजे शाहू मिलचा. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात सुरू केलेली ही गिरणी 2003 मध्ये बंद पडली. बाबांची सगळी नोकरी तिथल्या साचेखात्यात गेली होती. गिरणी गेली, भोंगा गेला, बाबा गेले. आईच्या संध्याकाळी मात्र तिन्ही शाबूत होते.

सुरुवातीला आम्ही तिला खरं सांगायचो. ऐकलं की ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची आणि तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. डॉक्टर म्हणाले, हे दुःख तिला रोज नव्याने देऊ नका. तेव्हापासून माझी बायको भाकरी खरोखर झाकून ठेवू लागली. "येतील हं, आत्या," एवढं म्हटलं की आई निवांत व्हायची.

माझ्या धाकट्या भावाला यात काहीतरी मोठं दिसलं. तो एका प्रवचनाला नियमाने जातो. तिथे त्याने ऐकलं होतं की मरण हे जाणिवेचं दुखणं आहे; मी मरणार असं ज्याला वाटतं तोच मरतो. आईकडे बघून तो म्हणायचा, "दादा, ही सुटली बघ. हिला मरणच ठाऊक नाही, तर ते हिला शोधणार कसं?" मी त्याला हसलो नाही. तिच्या उशाशी रात्री जागताना मलाही हे खरं असावंसं वाटायचं. आईवर जीव असलेल्या माणसाला असं काहीही खरं असावंसं वाटतं.

पण आमच्याच गल्लीत मी याच्या अगदी उलट टोकाचं मरण पाहिलं होतं. शेजारच्या जैन काकूंच्या सासूबाईंनी सल्लेखना घेतली होती, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडत देह ठेवण्याचं व्रत. हातकणंगले तालुक्यातल्या त्यांच्या गावाकडे हे नवं नाही. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या जैन घरांत आचार्य शांतिसागर महाराजांचं नाव आजही श्रद्धेने घेतात. 1955 साली, दृष्टी अधू होत चालली तेव्हा, त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन देह ठेवला. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्या ठरवलं, तेव्हा आमच्या भागातले जैन बांधव रस्त्यावर उतरले होते. त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. काकूंच्या सासूबाई एकेक पदार्थ सोडत गेल्या. आधी धान्य, मग दूध, मग ताक, शेवटी नुसतं पाणी आणि मग तेही नाही. येणाऱ्या प्रत्येकाकडे हात जोडून त्या क्षमा मागत होत्या. आपण काय करतोय, कुठे निघालोय, हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं.

आणि आता आमची आई. तिने काही सोडलं नव्हतं. तिला सोडणं म्हणजे काय हेही कळत नव्हतं. तरी तिचं शरीर त्याच क्रमाने एकेक गोष्ट परत करू लागलं. आधी भाकरी घशाखाली उतरेना. मग मऊ भात तोंडात तसाच राहू लागला. डॉक्टरांनी समजावलं की गिळणं हेही मेंदूचंच काम आहे; घास मागे ढकलायचा, श्वासनलिका झाकायची, यांत कितीतरी स्नायू ठरलेल्या क्रमाने हलावे लागतात. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तो क्रमही विसरला जातो, घास फुप्फुसाकडे जातो आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. पेजेचा चमचा ओठांशी नेला की आई ओठ मिटून मान फिरवायची, त्यात ना राग ना हट्ट. काकूंच्या सासूबाईंनी ताकाची वाटी बाजूला सारली होती, तीही अगदी अशीच. एकीने समजून, दुसरीने काहीच न समजता. काकू त्या दिवशी आमच्याकडे बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या आत्यांचं बी असंच झालतं."

नाकातून नळी घालायची का, असं डॉक्टरांनी विचारलं. नळीने आयुष्य वाढेल याची खात्री नाही, ती नळी उपसायला बघेल, मग कदाचित हात बांधावे लागतील, हेही सांगितलं. हा निर्णय आईचा होता आणि आई तो घेऊ शकत नव्हती. आम्ही दोघं भाऊ आणि ताई फोनवर, असे रात्रभर बोलत राहिलो. तिचे हात बांधायचे नाहीत यावर तिघांचं एकमत झालं. नळी घातली नाही. ओठांना तूप लावायचं आणि कापसाच्या बोळ्याने तोंड ओलं ठेवायचं, एवढंच काम उरलं.

शेवटच्या दिवसांत मी तिच्या शरीराकडे असं बघितलं, जसं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. लघवी कमी झाली, गडद झाली. तळपाय गार पडले, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली. श्वास खोल आणि भरभर व्हायचा, मग उथळ होत होत थांबायचा, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा. या श्वासाला चेन-स्टोक्स म्हणतात. एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी तो नोंदवला होता. डब्लिनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने जसा श्वास घेतला, तसाच गंगावेशीतल्या माझ्या आईने घेतला. तो माणूस कोणत्या देवाला मानत होता आणि आई काय काय विसरली होती, याने त्यात तसूभर फरक पडला नाही.

वैशाखातल्या एका पहाटे श्वास थांबला तो पुन्हा आला नाही. ओळखीचे डॉक्टर आले. त्यांनी छातीवर स्टेथोस्कोप धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पापण्या उघडून बॅटरीचा झोत टाकला. ते "गेल्या" म्हणाले, तसा भाऊ पुढे आला. "डॉक्टर, जरा थांबूया. बावड्यातल्या माणसाचं ऐकलंय न्हवं तुम्ही?"

कोल्हापुरात ते कुणी ऐकलं नव्हतं? डिसेंबर 2024 मध्ये कसबा बावड्यातल्या एका वयस्कर वारकऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेल्याचं घरच्यांना सांगण्यात आलं. नातेवाईक जमले, तयारी सुरू झाली. घरी आणताना रुग्णवाहिका गतिरोधकावर आदळली आणि कुणाला तरी त्यांची बोटं हलताना दिसली. गाडी दुसऱ्या रुग्णालयाकडे वळली, अँजिओप्लास्टी झाली आणि दोनेक आठवड्यांनी ते स्वतःच्या पायांनी घरी आले. 2025 च्या सुरुवातीला सगळ्या देशात ही बातमी गेली. चहाच्या गाड्यावर लोक म्हणत होते, विठ्ठलाने परत पाठवलं.

मी त्या घटनेवर तेव्हापासून विचार करतो आहे. गतिरोधकाने मेलेला माणूस उठवला, असं मला वाटत नाही. तो माणूस मेलाच नव्हता. तो गेला असं त्याच्या सगळ्या माणसांनी मानलं होतं, रडून झालं होतं, आणि त्या मानण्याने त्याचा प्राण गेला नाही. आमचा भाऊ त्या बातमीतून आशा घेत होता. मला तीच बातमी दुसऱ्या बाजूने वाचावी लागली: सगळ्या गल्लीने मानून मरण येत नसेल, तर माझ्या न मानण्याने ते परत कसं जाईल?

डॉक्टर चांगले होते. ते चिडले नाहीत. गाडीतून ईसीजीचं यंत्र आणलं, आईच्या हातापायांना चिमटे लावले आणि भावाच्या हातात कागदाची पट्टी दिली. सरळ रेघ. तो ती कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने आईचा हात अंगावरच्या चादरीखाली ठेवला आणि ताईला फोन लावला. डॉक्टरांनी तिथेच बसून मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहिला. घरी मृत्यू झाला की नमुना 4-अ लागतो, आणि नोंद 21 दिवसांत करायची असते.

दुपारी आम्ही तिला पंचगंगा स्मशानभूमीत नेलं. आमच्या शहराची एक गोष्ट मला मनापासून अभिमानाची वाटते: इथे महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. कोणत्या पेठेतला, कोणत्या घरचा, असं न विचारता लाकूड आणि शेणी मिळतात. होळीला मंडळं आणि तालमी होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला देतात. आपल्या गल्लीने फाल्गुनात दिलेल्या शेणी वैशाखात कुणासाठी लागतील, हे देताना कुणालाच ठाऊक नसतं.

घाटावर संस्थानच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. तिथे बसलो असताना मला छत्रपती राजाराम महाराज आठवले, दुसरे राजाराम. इंग्लंड बघून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ते वारले. वय अवघं वीस. पुढे राज्य करायचं, काय काय घडवायचं, हे मनात घेऊन निघालेला मुलगा. सोबतच्या माणसांनी त्या परक्या गावात दोन नद्यांचा संगम शोधला, आर्नो आणि मुन्योने, आणि तिथे त्यांना अग्नी दिला. त्या जागी आजही त्यांची छत्री उभी आहे. मरण टाळणं कुणाच्या हातात नव्हतं. संगम शोधणं होतं, आणि तो त्यांनी शोधला. मला त्या अनोळखी सेवकांबद्दल फार माया वाटते.

दिवसकार्य आटोपल्यावर मी एक काम हाती घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. मी लिहिलं की बरं होण्याची आशा संपली आणि मला माझं सांगता येईना, तर मला यंत्रावर ठेवू नये, नळी घालू नये, वेदना मात्र शमवाव्यात. आईला जे ठरवता आलं नाही ते मला आज ठरवता येतं, कारण आज मला आठवतंय. आईचा आजार माझ्याही वाट्याला येऊ शकतो. भावाने पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. नंतर साक्षीदार म्हणून त्यानेच सही केली. दुसरी सही काकूंच्या मुलाची.

न्यायसंकुलाबाहेर नोटरी वकील बसतात. वकिलांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," मी म्हणालो. "म्हणून तर आत्ता आलोय."

त्यांनी शिक्का मारला आणि मग स्वतःसाठी एक कोरा नमुना मागून घेतला.